जीवनसत्त्वांची उणीव आणि नैराश्य : नाते किती खरे?

थकवा जात नाही, झोप लागत नाही, कामात मन रमत नाही, पूर्वी ज्यात रस होता त्यातही आता रस वाटत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो. रक्ततपासणी होते. अहवालात ‘ब-१२’ आणि ‘ड’ या दोन जीवनसत्त्वांचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, कारण ते अपेक्षित मर्यादेच्या खाली असतात. घरच्या मंडळींना हायसे वाटते. ‘विशेष काही नाही, बी-ट्वेल्व्ह कमी झाले आहे,’ हे नातेवाइकांना सांगायला सोपे असते. ‘नैराश्य आले आहे’ हे सांगणे तितके सोपे नसते.

शहरी महाराष्ट्रातील कितीतरी घरांना हा प्रसंग परिचयाचा आहे. काही वेळा त्या आकड्यातच दुखण्याचे मूळ सापडते आणि उणीव भरून निघाल्यावर माणूस खरोखरच पूर्ववत होतो. काही वेळा मात्र त्या आकड्याच्या आडोशाला खरे नैराश्य महिनोन्महिने उपचारांवाचून राहते. याच्या उलट प्रकारही घडतो. नैराश्याच्या गोळ्या वर्षभर चालू असतात, रक्त मात्र एकदाही तपासलेले नसते आणि दरम्यान हातापायांच्या मज्जातंतूंची हानी होत राहते. म्हणूनच जीवनसत्त्वे आणि मन यांचे नाते नेमके काय आहे आणि ते कुठे संपते, हे जाणून घेणे महत्त्वाचे आहे.

पेलाग्राचा धडा

एखाद्या अन्नघटकाच्या अभावाने मन बिघडू शकते, याचा सर्वांत ठळक पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. उन्हाचा स्पर्श होणाऱ्या त्वचेवर चट्टे, अतिसार, त्यापाठोपाठ उदासीनता, चिडचिड, निद्रानाश आणि अखेरीस बुद्धिभ्रंश असा त्याचा क्रम असे. मनोरुग्णालयांत या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. १९१४ मध्ये अमेरिकी सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे या रोगाच्या शोधाचे काम सोपवले. मनोरुग्णालयांत व अनाथालयांत राहणाऱ्यांना हा रोग होतो, पण त्यांच्यात वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरले. म्हणजे रोग संसर्गजन्य नव्हता. फरक ताटात होता. मका आणि काकवी यांवर गुजराण करणाऱ्यांच्या आहारात दूध, अंडी, मांस, कडधान्ये आल्यावर रोग मागे हटला. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी नायसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व हा तो हरवलेला घटक असल्याचे दाखवून दिले. नायसिन दिल्यावर अनेक रुग्णांच्या मनाचा गोंधळ थोड्या दिवसांत निवळू लागला.

हा रोग भारतालाही अपरिचित नव्हता. दख्खनच्या पठारावर ज्वारीखेरीज फारसे काही पदरी न पडणाऱ्या गरिबांत तो आढळत असे. हैदराबादचे आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. तथापि, भाकरीच्या जोडीला डाळ, दूध किंवा अंडे असेल, तर हे भय राहत नाही, हे निश्चित आहे.

पेलाग्राच्या इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे. नायसिनच्या यशाने भारावून काही संशोधकांनी १९५० च्या दशकापासून स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरही या जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा देऊन पाहिल्या. नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये या विचाराला तात्त्विक बैठक देण्याचा प्रयत्न केला. मात्र अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या अभ्यासगटाने १९७३ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि हे दावे टिकत नसल्याचे स्पष्ट केले. उणीव असलेल्याला जीवनसत्त्व देणे हा उपचार ठरला. उणीव नसलेल्याला त्याचा मारा करणे हा उपचार ठरला नाही. हा भेद आजच्या चर्चेतही तितकाच लागू आहे.

ब-१२ चा शोध आणि मुंबईचा धागा

नैराश्याच्या संदर्भात आज सर्वाधिक नाव घेतले जाते ते ब-१२ या जीवनसत्त्वाचे. लंडनचे डॉ. थॉमस अॅडिसन यांनी १८४९ मध्ये एका घातक रक्तक्षयाचे वर्णन केले. हा रोग त्या काळी असाध्य होता. १९२६ मध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून तो आटोक्यात आणला. या कामासाठी जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील तो गुणकारी घटक, म्हणजेच ब-१२, १९४८ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथे स्वतंत्रपणे वेगळा काढण्यात आला. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली.

ब-१२ च्या जोडीने काम करणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मात्र मुंबईत झाला. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स १९२८ मध्ये येथे आल्या आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टपासून बनणाऱ्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अज्ञात घटकाला कित्येक वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे पालकाच्या पानांपासून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे ‘फोलिक आम्ल’ असे नामकरण झाले. त्याच्या कृत्रिम निर्मितीत अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत संशोधनप्रमुख असलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूचा वाटा होता.

ब-१२ च्या अभावाने येणारी मानसिक लक्षणे डॉक्टरांच्या नजरेतून सुटली नव्हती. विस्मरण, संशयीपणा, भास, खोल उदासी यांचा उल्लेख जुन्या रुग्णवर्णनांत आढळतो. १९६० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखाने या अवस्थेला ‘मेगॅलोब्लास्टिक मॅडनेस’ असे नावच दिले. मेगॅलोब्लास्ट म्हणजे या रक्तक्षयात अस्थिमज्जेत दिसणाऱ्या आकाराने मोठ्या, अपक्व पेशी. त्यामुळे रक्तक्षय असेल तरच मनावर परिणाम होतो, असा समज दीर्घकाळ राहिला. १९८८ मध्ये डॉ. जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडून काढला. ब-१२ च्या उणिवेमुळे मज्जासंस्थेचे वा मनाचे विकार झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना, म्हणजे २८ टक्के रुग्णांना, रक्तक्षय नव्हता आणि त्यांच्या लाल पेशींचा आकारही वाढलेला नव्हता. हिमोग्लोबिन उत्तम असले, म्हणजे ब-१२ ही ठीकच असणार, असे गृहीत धरता येत नाही, हा या अभ्यासाचा धडा.

शरीरात काय घडते?

ब-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वे शरीरातील एका मूलभूत रासायनिक साखळीत एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. होमोसिस्टीन या द्रव्याचे मेथिओनिनमध्ये रूपांतर करण्यासाठी दोहोंची गरज असते. मेथिओनिनपासून ‘एस-अॅडिनोसिल मेथिओनिन’ हे द्रव्य बनते आणि ते मेंदूतील अनेक प्रक्रियांना मेथिल गट पुरवते. सेरोटोनिन, डोपामिन यांसारख्या मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांच्या घडामोडीत आणि मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण सुस्थितीत ठेवण्यात या साखळीचा सहभाग आहे. साखळी अडली, की रक्तात होमोसिस्टीन साचू लागते आणि मज्जातंतूंचे आवरण झिजू लागते. पायांना मुंग्या येणे, तळव्यांची संवेदना कमी होणे, अंधारात तोल जाणे ही त्याची बाह्य चिन्हे. मनाची मरगळ हेही त्याचेच एक चिन्ह असू शकते.

वनस्पती ब-१२ तयार करत नाहीत; प्राणीही करत नाहीत. ते केवळ काही सूक्ष्म जिवाणू घडवतात आणि प्राणिज अन्नातून ते माणसापर्यंत पोहोचते. जठरातील आम्ल ते अन्नापासून मोकळे करते, जठरातच स्रवणारे ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे प्रथिन त्याला पुढे सोबत करते आणि लहान आतड्याच्या अखेरच्या भागात त्याचे शोषण होते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे उणीव एकाएकी उद्भवत नाही. ती संथपणे वाढते आणि माणूस त्या थकव्याला वयाचा किंवा कामाचा परिणाम समजून सरावतो.

पुण्यातील निष्कर्ष

या प्रश्नाला महाराष्ट्रात विशेष महत्त्व का आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसते. ग्रामीण भाग, शहरातील झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग या तीन गटांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण लिटरला १५० पिकोमोलपेक्षा, म्हणजे मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमपेक्षा, कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण तब्बल ८१ टक्के होते. ही उणीव केवळ दारिद्र्यातून येत नाही. सुस्थितीतील, शाकाहारी आणि दुधाचे प्रमाण बेताचे असलेल्या घरांतही ती तितकीच मुरलेली आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. दहा जणांत आठ जणांचे ब-१२ कमी असेल, तर नैराश्याने ग्रासलेल्या दहांपैकी आठांतही ते कमी सापडण्याची शक्यता असतेच. जी गोष्ट सर्वत्र आढळते ती एखाद्याच्या आजाराशेजारी सापडली, एवढ्यावरून ती त्या आजाराचे कारण ठरत नाही. उणीव भरून काढणे आवश्यकच असते. पण नैराश्याचे निदान तेवढ्याने रद्द होत नाही.

संबंध आहे, पण कारण कोणते?

लोकसंख्येच्या पाहण्यांतून हा संबंध पुन:पुन्हा पुढे आला आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील, शारीरिक अपंगत्व असलेल्या ७०० स्त्रियांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ब-१२ ची उणीव असलेल्यांमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ३,८८४ वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर आजार आणि अपंगत्व यांचा हिशेब केल्यावर फोलेटचा संबंध बराच क्षीण झाला; ब-१२ चा मात्र टिकून राहिला.

तरीही अशा पाहण्यांतून एक प्रश्न सुटत नाही. आधी उणीव आली की आधी नैराश्य? नैराश्यात भूक मंदावते, स्वयंपाकाचा कंटाळा येतो, दोन वेळा चहा-बिस्किटांवर भागवले जाते. माणूस घराबाहेर पडेनासा होतो, त्याला ऊन मिळत नाही आणि ड जीवनसत्त्व घटते. म्हणजे रक्तातील उणीव ही नैराश्याचे कारण असू शकते, तसाच त्याचा परिणामही असू शकते. वार्धक्य, मधुमेह, एकाकीपणा यांसारखे तिसरेच कारण दोहोंच्या मुळाशी असण्याचाही संभव असतो. याचा उलगडा करायचा, तर काहींना जीवनसत्त्व आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन फरक पाहावा लागतो.

प्रयोगांचा कौल

अशा प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत. ब्रिटनमधील अॅलेक कॉपेन आणि जॉन बेली यांनी २००० मध्ये १२७ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन या औषधाबरोबर रोज ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल दिल्यास स्त्री-रुग्णांना अधिक लाभ होतो, असे त्यात दिसले. पुरुषांमध्ये तसे दिसले नाही. आशा वाढली. परंतु वेल्समध्ये ४७५ रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, तेव्हा औषधाच्या जोडीला फोलिक आम्ल देण्याने काहीही अतिरिक्त फायदा आढळला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाने मधला सूर लावला. पन्नाशीपुढील १५३ रुग्णांना सिटालोप्रॅमबरोबर ब-१२, ब-६ आणि फोलिक आम्ल दिल्यावर बारा आठवड्यांत फरक पडला नाही. वर्षभराच्या अवधीत मात्र सुधारणा अधिक टिकल्याचे दिसले.

ड जीवनसत्त्वाबाबतचा निकाल अधिक स्पष्ट आहे. मेंदूच्या पेशींवर या जीवनसत्त्वाचे ग्राहक आढळल्यामुळे त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या प्रयोगात ५० वर्षांवरील १८,३५३ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवल्यानंतर २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही गटांत नैराश्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. यातील बहुतेकांच्या शरीरात मुळात ड ची उणीव नव्हती, हे लक्षात घ्यावे लागेल. पण सरसकट सर्वांना गोळी देऊन नैराश्य टाळता येईल, ही कल्पना या प्रयोगापुढे टिकली नाही.

या सर्वांचा मथितार्थ पेलाग्राच्या धड्याशी जुळतो. उणीव खरोखर असेल, विशेषत: ब-१२ ची असेल, तर ती भरून काढल्याने मनाची अवस्था सुधारू शकते आणि औषधांना साथ मिळू शकते. उणीव नसताना जीवनसत्त्वाची गोळी नैराश्यावरचे औषध ठरत नाही.

तपासणी कोणी करावी?

उदासी किंवा थकवा दीर्घकाळ टिकून असेल, तर ब-१२ ची तपासणी विशेषकरून पुढील व्यक्तींनी करून घेणे इष्ट ठरते : शुद्ध शाकाहारी आणि दूधही वर्ज्य करणारे, साठीपुढील व्यक्ती, कारण वयानुसार जठरातील आम्ल कमी होते, पित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे, जठर वा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, गरोदर आणि स्तनदा माता, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे. मेटफॉर्मिनमुळे ब-१२ घटणे हा वारंवार आढळणारा परिणाम असल्याचे ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांच्या निदर्शनास आणले. मधुमेह आणि शाकाहार हे दोन्ही एकत्र असणाऱ्या मराठी घरांची संख्या मोठी असल्याने ही सूचना येथे अधिकच लागू पडते. नैराश्यासारखीच लक्षणे थायरॉइडच्या विकारात आणि लोहाच्या कमतरतेतही दिसतात. त्यामुळे त्याही तपासण्या सोबत केल्या जातात.

रक्तातील ब-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमखाली असल्यास सामान्यत: उणीव मानली जाते. २०० ते ३०० हा संदिग्ध पट्टा आहे. अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मेथिलमॅलोनिक आम्लाची तपासणी उपयोगी पडते. रक्त देण्याआधी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्यास आकडा वाढलेला दिसतो आणि निदान झाकोळते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी हा क्रम पाळावा. केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या मनानेच घेणेही धोक्याचे आहे. त्यांनी रक्तक्षय सुधारतो, पण ब-१२ च्या अभावाने चाललेली मज्जातंतूंची झीज थांबत नाही. उलट ती लपून राहते.

उपचार आणि आहार

मज्जासंस्थेची लक्षणे असल्यास उपचाराचा आरंभ बहुधा इंजेक्शनने केला जातो. इतर अनेक रुग्णांत रोजच्या १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीनेही काम भागते, कारण इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग आतड्यातून आपोआप शोषला जातो. रक्त काही आठवड्यांत सुधारते, मज्जातंतूंना मात्र महिने लागतात. उशीर फार झाला असेल, तर काही हानी कायमची राहते.

अधिक म्हणजे चांगले, हा न्याय येथे लागू नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेतल्यास किंवा वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ब-६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्याने मज्जातंतूच दुखावतात, म्हणजे ज्या मुंग्या घालवायच्या त्याच नव्याने येतात.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ पुरते. मासे, मांस, यकृत, अंडी यांतून ते सहज मिळते. शाकाहारी व्यक्तींसाठी दूध, दही, ताक आणि पनीर हे आधार होत. कपभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. चहात घातलेले चार चमचे दूध या हिशेबात धरता येत नाही. स्पिरुलिना किंवा इडली-डोशाचे आंबवलेले पीठ यांवर विसंबणे योग्य नाही. स्पिरुलिनातील द्रव्य ब-१२ सारखे दिसत असले, तरी मानवी शरीराला ते फारसे उपयोगी पडत नाही. फोलेटसाठी पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग ही आपली नेहमीची भाजी-उसळ पुरेशी असते. मात्र भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून देऊ नये.

दोन्ही वाटा एकत्र

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतातील प्रौढांपैकी सुमारे दर २० व्यक्तींमागे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले असते, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. वेडाचा शिक्का बसेल ही भीती हे त्याचे एक मोठे कारण आहे. अशा समाजात ‘बी-ट्वेल्व्ह कमी आहे’ हे निदान आधार देणारे असले, तरी तीच कधी कधी पळवाटही ठरते. इंजेक्शनांचा क्रम पूर्ण झाला, अहवालातील आकडा सुधारला आणि तरीही माणूस सकाळी उठू शकत नसेल, तर ‘आता तर सगळे नॉर्मल आहे’ हे वाक्य त्याला अधिकच एकटे पाडते.

तज्ज्ञांचा प्रघात म्हणूनच दोन्ही उपचार समांतर चालवण्याचा असतो. रक्ताची तपासणी व्हावी, उणीव असेल तर ती भरून निघावी; पण त्या निकालाची वाट पाहत समुपदेशन किंवा मानसोपचार लांबणीवर पडू नयेत. सुरू असलेल्या नैराश्याच्या गोळ्या जीवनसत्त्व सुरू झाले म्हणून परस्पर बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी वैद्यकीय सल्ल्यास पात्र असते. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते; मराठीतूनही बोलता येते.

पुण्यातील मध्यमवर्गाच्या रक्तात ब-१२ कमी आहे, हे सत्य आहे. मनाचे दुखणे खरे असते, हेही तितकेच सत्य आहे. एकाची दखल घेताना दुसऱ्याकडे पाठ फिरवली, तर नुकसान रुग्णाचेच होते.